मेंदूतला लिम्फोमा: आधी तुकडा, मग स्टिरॉइड

मेंदूत गाठ आहे असं कळलं की घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ऑपरेशन कधी? मेंदूतल्या बऱ्याच गाठींच्या बाबतीत तो रास्तही असतो. लिम्फोमाची गोष्ट वेगळी आहे. इथे गाठ कापून काढणं हा मुख्य उपचार नसतो, गाठ विरघळवतात ती औषधं. आणि मेंदूची सूज उतरवायला सर्रास दिलं जाणारं स्टिरॉइड जर निदानाआधी दिलं गेलं, तर निदानच हातचं जाऊ शकतं. या आजारात काय करायचं याला जितकं महत्त्व आहे, तितकंच ते कोणत्या क्रमाने करायचं यालाही आहे. हा क्रम घरच्यांना माहीत असेल तर ते योग्य वेळी योग्य प्रश्न विचारू शकतात. म्हणून हे जरा सविस्तर.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. संसर्गाशी लढणाऱ्या या पेशी रक्तातून आणि लसिका ग्रंथींतून शरीरभर फिरत असतात. त्यामुळे लिम्फोमा म्हटलं की मानेत, काखेत, जांघेत आलेल्या गाठी आठवतात. मेंदूत लसिका ग्रंथी नसतात, तरीही काही जणांत हा कॅन्सर मेंदू, मज्जारज्जू, त्यांच्यावरची आवरणं आणि डोळे एवढ्याच भागात आढळतो. बाकी शरीर साफ असतं. याला प्राथमिक लिम्फोमा म्हणतात. शरीरात दुसरीकडे असलेला लिम्फोमा मेंदूत पोचला तर तो दुय्यम. दोघांची औषधं बऱ्याच अंशी सारखी असली, तरी आखणी वेगळी असते. या लेखात मुख्यतः प्राथमिक लिम्फोमाबद्दल बोलू.

आजार दुर्मीळ आहे. वर्षाला दर लाख लोकांमागे साधारण अर्धा, म्हणजे दोन लाखांत एखादा रुग्ण. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दहातल्या नऊहून जास्त रुग्णांत तो बी-पेशींचा, मोठ्या पेशींचा, झपाट्याने वाढणारा लिम्फोमा असतो. १९२९ साली पर्सिव्हल बेली यांनी त्याचं वर्णन केलं, पण नाव दिलं ते सार्कोमाचं. पुढे कित्येक दशकं या पेशी मुळात कुठल्या यावर एकमत नव्हतं आणि नावं बदलत राहिली. आज सरासरी वय पासष्टच्या आसपास दिसतं. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांना धोका जास्त असतो: एचआयव्हीवर उपचार न झालेले, किंवा अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. अशा रुग्णांत बहुतेक वेळा एपस्टाईन-बार नावाच्या विषाणूचा हात असतो. पण आज दिसणाऱ्या बहुतांश रुग्णांची प्रतिकारशक्ती धडधाकट असते आणि त्यांना हा आजार का झाला याचं ठोस उत्तर मिळत नाही. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाने काही चुकीचं खाल्लं-प्यायलं म्हणूनही झालेला नसतो. घरात हे एकदा स्पष्ट बोलून टाकलेलं बरं, कारण मनातल्या मनात कारणं शोधत बसलेले नातेवाईक फार सोसतात.

सुरुवात कशी होते

लक्षणं गाठ कुठे आहे यावर ठरतात. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, तोल जाणं, शब्द न सापडणं, दिसण्यात फरक पडणं ही सर्वात जास्त आढळणारी. डोकेदुखी आणि उलट्या काही जणांना होतात. फिट येण्याचं प्रमाण मेंदूच्या इतर गाठींपेक्षा कमी असतं, कारण लिम्फोमाला मेंदूच्या पृष्ठभागापेक्षा खोल भाग जास्त मानवतो.

सर्वात जास्त चकवा देतो तो स्वभावातला बदल. साधारण चाळीस टक्के रुग्णांत तो असतो. कालपर्यंत घर हाकणारा माणूस एकाएकी गप्प होतो, कशात लक्ष घालत नाही, आंघोळीलाही आठवण करून द्यावी लागते, ताटातला घास हातात धरून बसून राहतो. घरच्यांना वाटतं मन खचलंय, वय झालं, स्मृतिभ्रंश सुरू झाला. नैराश्याच्या गोळ्याही सुरू होतात. इथे वेगाकडे लक्ष द्यायला हवं. स्मृतिभ्रंश बहुधा वर्षानुवर्षं सरकत जातो, हा आजार आठवड्यांत. 'महिन्याभरापूर्वी बँकेचे व्यवहार स्वतः करत होते, आता स्वतःच्या सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत' अशी घसरण असेल तर एमआरआय लांबणीवर टाकू नये. हे वय झाल्याचं लक्षण नव्हे. ताप, वजन उतरणं, रात्री घामाने भिजणं ही लिम्फोमाची म्हणून सांगितली जाणारी लक्षणं इथे क्वचितच असतात. ती नाहीत म्हणून लिम्फोमा नाही असं समजू नये.

कधीकधी आजार पहिल्यांदा डोळ्यांत डोकावतो. धूसर दिसतं, डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा धागे तरंगतात. डोळ्याच्या आतली साधी सूज समजून महिनोन्महिने औषधं चालतात, थोडा आराम पडतो, पुन्हा त्रास होतो. पन्नाशी-साठीनंतर अशी सूज हटता हटत नसेल तर नेत्रतज्ज्ञांच्या मनात लिम्फोमाची शंका यायला हवी. नुसत्या डोळ्यांतून सुरू झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत तो पुढे मेंदूतही दिसतो.

एमआरआय काय सांगतो

शिरेतून गॅडोलिनियम हे द्रव्य देऊन एमआरआय करतात. लिम्फोमाची गाठ ते द्रव्य घेऊन बहुधा एकसारखी उजळते. ती मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला, खोल गाभ्यात, किंवा दोन्ही अर्धमेंदूंना जोडणाऱ्या पट्ट्यात बसलेली असते. पेशी इतक्या खच्चून भरलेल्या असतात की पाण्याच्या रेणूंना हालचालीला जागा उरत नाही, आणि डिफ्यूजन नावाच्या तपासणीत ते पकडता येतं. साधारण दोन तृतीयांश रुग्णांत एकच गाठ असते, बाकीच्यांत अनेक. अनुभवी रेडिओलॉजिस्ट चित्र बघूनच लिम्फोमाचं नाव घेतात आणि पुष्कळदा ते खरं ठरतं.

तरीही नुसत्या एमआरआयवर कॅन्सरचे उपचार सुरू करत नाहीत. ग्लायोब्लास्टोमा (मेंदूतच उगवणारा एक आक्रमक कॅन्सर), दुसऱ्या अवयवातून मेंदूत आलेला कॅन्सर, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारातली सूज, क्षयाची गाठ, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग यांची चित्रं एकमेकांच्या फार जवळ जातात. एचआयव्ही असलेल्यांत तर लिम्फोमा नेहमीसारखा एकसंध न दिसता कडेने उजळणारा आणि मधे मेलेला दिसतो, म्हणजे हुबेहूब टॉक्सोप्लाझ्मासारखा. या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर नुसता वेळ जात नाही, रुग्ण जातो.

स्टिरॉइडचा पेच

अहवालात 'गाठीभोवती सूज' असे शब्द आले की डेक्सामेथासोनचं इंजेक्शन सुरू करणं हा बहुतेक ठिकाणचा परिपाठ आहे. मेंदूच्या इतर गाठींत ते योग्यच. सूज उतरते, डोकं हलकं होतं, रुग्ण बोलू लागतो. लिम्फोमात मात्र डेक्सामेथासोन सूज तर उतरवतंच, शिवाय लिम्फोमाच्या पेशींनाही थेट मारतं. लिम्फोसाइट पेशींच्या आत स्टिरॉइड घट्ट बसवणारे रिसेप्टर असतात आणि ते बसलं की पेशी स्वतःला संपवायला लागते. काही रुग्णांत दोन-चार दिवसांत गाठ निम्मी होते, काहींत पुढच्या एमआरआयमध्ये दिसेनाशीही होते.

ऐकायला हे वरदान वाटेल. पण ही सुधारणा टिकाऊ नसते. काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत गाठ परतते, त्याच जागी किंवा दुसरीकडे. आणि दरम्यान बायोप्सी केली, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढला, तर हाती लागतात मेलेल्या पेशी, सूज आणि साफसफाईला आलेल्या पेशी. पॅथॉलॉजिस्ट प्रामाणिकपणे लिहितात, 'निश्चित निदान करता येत नाही.' मग स्टिरॉइड थांबवून गाठ परत वाढण्याची वाट पाहायची, पुन्हा एमआरआय, पुन्हा बायोप्सी. झपाट्याने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये असे आठवडे दवडणं परवडत नाही.

म्हणून एमआरआयमध्ये लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाची स्थिती बरी असेल, तर तुकडा घेईपर्यंत स्टिरॉइड देऊ नये. घरच्यांनी एवढा एक प्रश्न जरूर विचारावा: 'हा लिम्फोमा असू शकतो का? असेल तर बायोप्सीआधी स्टिरॉइड टाळता येईल का?' त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगल्या डॉक्टरांना उलट बरंच वाटतं.

याला अपवाद आहे, आणि तो नीट लक्षात ठेवावा. मेंदूवरचा दाब इतका वाढलाय की रुग्ण बेशुद्धीकडे चाललाय, बाहुल्या असमान झाल्यात, श्वास अडखळतोय, तर आधी जीव वाचवायचा. तिथे स्टिरॉइड द्यावंच लागतं. आणि समजा आधीच कुणीतरी ते सुरू केलं असेल, तर घाबरून आपल्या मनाने बंद करू नका. ते एकदम तोडणं काही रुग्णांत धोक्याचं ठरतं. कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेपासून, एवढं कागदावर लिहून न्यूरोसर्जनच्या हाती द्या. स्टिरॉइड घेतलेल्या सगळ्यांचीच बायोप्सी वाया जात नाही. गाठ अजून दिसत असेल तर ताबडतोब नवा एमआरआय काढून तुकडा घेतात आणि बऱ्याचदा निदान होतंही.

तुकडा कसा घेतात

बायोप्सीची पद्धत स्टिरिओटॅक्टिक. डोक्याला चौकट बसवून किंवा संगणकाच्या नकाशावर गाठीची जागा मिलिमीटरच्या हिशोबात ठरवतात. कवटीला लहानसं छिद्र पाडून त्यातून बारीक सुई आत जाते आणि भाताच्या शितापेक्षाही लहान असे काही तुकडे घेऊन बाहेर येते. रुग्ण टेबलावर असतानाच एखादा तुकडा झटपट तपासून सुई योग्य जागी पोचल्याची खात्री करतात. मोठा रक्तस्राव थोड्याच जणांत होतो, पण धोका शून्य नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी कानावर घालायलाच हवं.

'एवढं आत जाताच आहात, तर सगळी गाठ का नाही काढत?' हा प्रश्न हमखास येतो. टिपकागदावर शाईचा थेंब पसरावा तशा लिम्फोमाच्या पेशी मेंदूत झिरपलेल्या असतात. बारीक रक्तवाहिन्यांभोवती गोळा होत त्या एमआरआयमध्ये निरोगी दिसणाऱ्या भागातही पोचतात. दिसणारी गाठ काढली तरी आजार मागे उरतोच, आणि खोल भागात चाकू चालवला तर बोलणं, चालणं, स्मरण यांना धक्का बसतो. एकच, वरच्या बाजूची, सहज हाती येणारी गाठ काढल्याने फायदा होतो का यावर अलीकडे पुन्हा चर्चा सुरू आहे, आणि दाब जीवघेणा असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते. एरवी सुई पुरते.

पॅथॉलॉजिस्ट तुकड्यावर विशेष रंग चढवून पेशी ओळखतात. बी-पेशींवरची सीडी २० ही खूण बहुतेक वेळा सापडते. केआय-६७ हा आकडा किती पेशी वाढीच्या धावपळीत आहेत ते सांगतो आणि या आजारात तो अनेकदा ८० टक्क्यांच्याही पुढे असतो. हा आकडा वाचून घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. पण झपाट्याने विभागणाऱ्या पेशीच केमोथेरपीच्या तडाख्यात जास्त सापडतात. नुसत्या त्या आकड्यावरून रुग्णाचं भवितव्य ठरवू नये.

काहींच्या बाबतीत मेंदूला सुई न लावता निदान होतं. पाठीतून पाणी काढून त्यात लिम्फोमाच्या पेशी मिळाल्या, किंवा डोळ्यातल्या व्हिट्रियस द्रवाच्या नमुन्यात मिळाल्या, तर तेवढं पुरतं. पाठीतल्या पाण्यात पेशी सापडणाऱ्या रुग्णांचं प्रमाण मात्र कमी आहे, आणि मेंदूवर दाब जास्त असताना ते पाणी काढणं धोक्याचं. अलीकडे त्याच पाण्यात कॅन्सरच्या डीएनएचे अंश शोधतात. एमवायडी ८८ या जनुकातला एक ठराविक बदल निम्म्याहून जास्त रुग्णांत असतो. गाठ अशा जागी असेल की सुई नेणंच कठीण, तिथे या तपासणीचा मोठा आधार होऊ लागला आहे.

निदान झाल्यावर उरलेलं शरीर तपासतात. पेट-सीटी, काही वेळा अस्थिमज्जेची तपासणी, रक्तातलं एलडीएच, मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी. पुरुषांत वृषणांची सोनोग्राफी, कारण तिथला लिम्फोमा मेंदूत जाण्यासाठी बदनाम आहे. आणि स्लिट लॅम्पने डोळ्यांची तपासणी, तक्रार नसली तरी. साधारण पाचातल्या एका रुग्णाच्या डोळ्यांत आजार सापडतो. हिपॅटायटिस बीची चाचणी का, असं विचारतात. पुढे द्यायच्या, बी-पेशींवर नेम धरणाऱ्या रिटुक्सिमॅब या औषधामुळे शरीरात दबून राहिलेला हा विषाणू उसळू शकतो आणि यकृत निकामी होऊ शकतं, म्हणून. या सगळ्याला वेळ लागतो हे खरं, पण उपचार त्यासाठी खोळंबून ठेवायचे नसतात. सर्व काही आठवड्याभरात जुळवून आणणं हे चांगल्या टीमचं लक्षण.

औषध मेंदूत पोचवायचं कसं

इतर लिम्फोमात चालणारी 'चॉप' ही औषधांची जोडणी इथे तोकडी पडते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात आणि बहुतेक औषधं त्यांच्या पलीकडे जात नाहीत. पूर्वी म्हणूनच सगळ्या मेंदूला रेडिएशनचा शेक देत. गाठ विरघळायची, पण परत यायची, आणि नुसत्या शेकावर निम्मे रुग्ण साधारण वर्षभरात दगावत.

चित्र पालटलं ते मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या डोसमुळे. औषध जुनंच आहे. सांधेवाताचे रुग्ण ते आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम घेतात. मेंदूच्या लिम्फोमात ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला तीन ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलं जातं. मध्यम बांध्याच्या माणसाला साडेतीन ग्रॅमच्या हिशोबाने एका वेळी सुमारे साडेपाच ग्रॅम, म्हणजे सांधेवाताच्या पंधरा मिलिग्रॅमच्या डोसच्या साडेतीनशे पटींहून जास्त. एवढं औषध दोन-तीन तासांत रक्तात गेलं की मेंदूत पुरेसं उतरतं. उतारा न देता सोडलं तर मात्र हाच डोस मूत्रपिंड, तोंडाची आतली त्वचा आणि अस्थिमज्जा जाळून काढेल. म्हणून हा सगळा उपचार रुग्णालयात, घड्याळ लावून चालतो.

एक फेरी कशी असते ते बघा. आदल्या रात्रीपासून सलाइन चालू, त्यात सोडियम बायकार्बोनेट. मेथोट्रेक्सेट आम्लयुक्त लघवीत विरघळत नाही, त्याचे खडे मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात. त्यामुळे नर्स दर वेळी लघवीत कागदाची पट्टी बुडवून पीएच बघते आणि तो सातच्या वर आल्याशिवाय औषधाची पिवळीधमक पिशवी लटकवली जात नाही. औषध दोन-तीन तासांत संपतं. सुरुवात झाल्यापासून साधारण चोवीस तासांनी ल्युकोव्होरिन सुरू होतं. हे फोलिक आम्लाचं तयार रूप निरोगी पेशींना मेथोट्रेक्सेटच्या विळख्यातून सोडवतं. बहुधा दर सहा तासांनी, रात्री झोपेतून उठवूनही, ते द्यायचं असतं. एकही डोस चुकवायचा नाही. रोज रक्तातली औषधाची पातळी मोजतात आणि ती ०.१ मायक्रोमोलच्या खाली आल्यावरच सहसा घरी सोडतात. तीन-चार दिवस तरी लागतात, कधी आठवडा. दोन-तीन आठवड्यांनी पुढची फेरी.

या काळात घरच्यांनी आपल्या पिशवीतली कोणतीही गोळी रुग्णाला देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या, पित्तावरच्या ओमेप्राझोलच्या जातीच्या गोळ्या, पेनिसिलिन वर्गातली आणि सल्फा असलेली प्रतिजैविकं मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर जाण्याची वाट अडवतात. छातीत किंवा पोटात पाणी साचलेलं असेल तर औषध त्यात मुरून राहतं आणि हळूहळू झिरपत विष होतं, म्हणून ते पाणी आधी काढतात. लघवी कमी झाली, तोंडात फोड आले, त्वचेवर चट्टे आले तर लगेच सांगायचं. मूत्रपिंड थकून पातळी उतरेनाशी झाली तर रक्तातलं मेथोट्रेक्सेट तोडणारं ग्लुकार्पिडेज नावाचं औषध आहे, पण ते महाग आणि सगळीकडे मिळत नाही. ती वेळ येऊ न देण्यातच शहाणपण.

एकटं मेथोट्रेक्सेट पुरत नाही, जोडीला इतर औषधं लागतात. १८ ते ७० वयाच्या रुग्णांवरच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत तीन गट होते. मेथोट्रेक्सेट आणि सायटाराबिन घेणाऱ्यांपैकी २३ टक्के रुग्णांत गाठ पूर्ण नाहीशी झाली. रिटुक्सिमॅब वाढवल्यावर ३० टक्के, आणि थायोटेपाही घातल्यावर ४९ टक्के. चारही औषधं मिळालेल्या गटातले ५६ टक्के रुग्ण सात वर्षांनी हयात होते. ज्या आजारात एकेकाळी वर्षाच्या भाषेत बोलत, तिथे हा आकडा मला फार मोठा वाटतो. किंमतही होती: त्या चाचणीत एकूण ६ टक्क्यांच्या आसपास रुग्ण उपचारांच्या दुष्परिणामांनी, मुख्यतः संसर्गाने गेले. इतर ठिकाणी प्रोकार्बाझिन, व्हिनक्रिस्टिन किंवा टेमोझोलोमाइड जोडतात. रिटुक्सिमॅबबद्दल एकमत नाही. तो रेणू मोठा, मेंदूत फार थोडा उतरतो, आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्याचा ठळक फायदा दिसला नाही. तरीही बरेच डॉक्टर तो देतात.

पहिल्या दोन फेऱ्यांतच पुष्कळांत फरक दिसतो. स्ट्रेचरवर आलेला रुग्ण उठून बसतो, घरच्यांना ओळखू लागतो. म्हणूनच 'हे आता अंथरुणाला खिळलेत, यांना कशाला त्रास' हा निर्णय घाईने घेऊ नये. अंथरुणाला खिळवलं ते आजाराने असेल, तर आजार हटल्यावर उठण्याची शक्यता असते. आधीपासूनच हृदय, मूत्रपिंड थकलेली असणं ही वेगळी बाब.

गाठ दिसेनाशी झाली तरी थांबायचं नसतं, कारण लपलेल्या पेशी परततात. पुढच्या टप्प्याला कन्सॉलिडेशन म्हणतात. साधारण पासष्ट-सत्तरीपर्यंतच्या, तब्येत पेलणाऱ्या रुग्णांत रुग्णाच्याच मूळपेशी (स्टेम सेल, ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात) आधी काढून गोठवतात, मग थायोटेपा आणि कारमुस्टिन किंवा बुसल्फानचा अस्थिमज्जा पुसून टाकणारा डोस देतात आणि मूळपेशी शिरेतून परत चढवतात. तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत काढावे लागतात, पेशी वाढेपर्यंत साधा ताप ही तातडीची गोष्ट असते. दुसरा पर्याय संपूर्ण मेंदूला शेक. तो परिणामकारक आहे, पण काही महिन्यांनी-वर्षांनी विस्मरण, पाय घासत चालणं, लघवीवरचा ताबा सुटणं अशी हानी होऊ शकते, आणि साठीपुढे हा धोका बराच वाढतो. आजारातून वाचलेला माणूस स्वतःच्या घरात हरवून जावा, हे फार वाईट. त्यामुळे जिथे मूळपेशी रोपण शक्य आहे तिथे शेक मागे ठेवणं मला पटतं. शेक द्यायचाच असेल तर कमी मात्रेचा चालेल का, हे विचारून घ्यावं.

वय जास्त असलं म्हणून मेथोट्रेक्सेटवर सरसकट फुली मारू नये. मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार डोस बेतून पंचाहत्तरीपुढच्यांनाही ते देतात, जोडीच्या औषधांत हात जरा आखडता घेतात, आणि रोपणाऐवजी काही काळ गोळ्यांवर ठेवतात. एचआयव्ही असलेल्यांत विषाणूविरोधी औषधं त्याच दमात सुरू करायची असतात. प्रतिकारशक्ती सावरली की निकाल बराच सुधारतो. दुय्यम लिम्फोमात मेंदू आणि उरलेलं शरीर दोन्हीकडचा आजार एकाच वेळी आवरावा लागतो. तिथलं वेळापत्रक जास्त गुंतागुंतीचं असतं.

उपचारांच्या दिवसांत आणखी दोन गोष्टींवर डोळा ठेवा. या आजारात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण बरंच आहे. एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका. आणि ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन अंगावर काढायचा नाही, थेट रुग्णालय गाठायचं. फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार 'सगळं संपल्यावर बघू' म्हणून पुढे ढकलू नयेत. पहिल्या फेरीपासून सुरू झाले तर हरवलेली हालचाल आणि बोलणं जास्त परत मिळतं. पैशांचे, सह्यांचे, गाडी चालवण्याचे निर्णय रुग्णाची समज शाबूत असलेल्या दिवशी, त्याच्याशी बोलून करावेत.

आजार उलटणाऱ्यांचं प्रमाण अजूनही मोठं आहे, आणि पहिल्या दोन वर्षांत जास्त. म्हणून त्या काळात साधारण दर तीन महिन्यांनी एमआरआय, मग तीन वर्षं दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. उलटलेला आजार दर वेळी मेंदूतच दिसतो असं नाही. तो डोळ्यांत किंवा वृषणातही निघतो, म्हणून नवे तरंगते ठिपके किंवा वृषणाची सूज लपवू नये. उलटल्यावरही पर्याय उरतात. पहिल्यांदा मेथोट्रेक्सेटने बराच काळ साथ दिली असेल तर तेच पुन्हा देता येतं. शेक आधी दिला नसेल तर आता देतात. लेनालिडोमाइड, टेमोझोलोमाइड आणि बी-पेशींचा एक संदेशमार्ग बंद करणाऱ्या इब्रुटिनिबसारख्या गोळ्या आहेत. त्याच जातीच्या टिराब्रुटिनिबला जपानने २०२० साली या आजारासाठी मान्यता दिली. या गोळ्यांसोबत, विशेषतः स्टिरॉइडही चालू असेल तर, बुरशीचा संसर्ग उद्भवू शकतो, त्यामुळे खोकला किंवा तापाकडे दुर्लक्ष नको. रुग्णाच्याच टी-पेशी प्रयोगशाळेत बदलून परत देण्याचा कार-टी उपचार सुरुवातीच्या चाचण्यांत मेंदूचा लिम्फोमा असलेल्यांना जवळपास वगळूनच होत होता. आता निवडक केंद्रांत तो त्यांनाही देऊन पाहिला जातो आहे आणि काहींत आजार पूर्ण नाहीसा झाला आहे. अशा उपचारांसाठी दुसरीकडे जायची वेळ आली तर बायोप्सीचा मेणातला ब्लॉक, काचपट्ट्या, पहिल्या दिवसापासूनच्या एमआरआयच्या सीडी आणि प्रत्येक फेरीतल्या मेथोट्रेक्सेटच्या पातळ्यांचे कागद सोबत असू द्या. नव्या डॉक्टरांना नुसत्या अहवालापेक्षा मूळ नमुना आणि मूळ चित्रं हवी असतात.